तंत्रज्ञानाचे पॉडकास्ट: काही महिने ऐकल्यावर फोनमध्ये काय टिकलं

तंत्रज्ञानात रमणाऱ्या कुणालाही ‘काय ऐकता?’ असं विचारलं की तीच नावं फिरून फिरून येतात: सिक्युरिटी नाऊ, डार्कनेट डायरीज, ॲक्सिडेंटल टेक पॉडकास्ट, ॲक्वायर्ड, कोरिकर्सिव्ह. ही सगळी आणि सोबत बातम्यांचे दोन-तीन पॉडकास्ट मी सबस्क्राइब केले आणि गेले कित्येक महिने नेमाने ऐकले.

सगळ्यात आधी बातम्यांचे काढून टाकले. ते वाईट नव्हते, पण पाच मिनिटांत वाचून होणारी बातमी तासभर ऐकायची आणि पुढच्या आठवड्यात ती शिळी व्हायची, हे जमेना. टिकले ते पॉडकास्ट वेगळ्याच कारणाने टिकले. मागच्या भागात जे चुकलं किंवा अर्धवट राहिलं, तिथे ते परत येतात. शिफारस करणारे हे कधी सांगत नाहीत, पण माझ्या लेखी आता हीच पहिली कसोटी आहे.

सिक्युरिटी नाऊ 2005 पासून दर आठवड्याला येतो. स्टीव्ह गिब्सन कॉम्प्युटर सुरक्षेचे विषय समजावून सांगतात, लिओ लापोर्ट मध्ये मध्ये विचारतात. गिब्सन 999 व्या भागानंतर थांबणार होते; श्रोत्यांनी थांबू दिलं नाही. या माणसाचं मोल मला लास्टपासच्या प्रकरणात कळलं. कितीतरी वर्षं त्यांनी हा पासवर्ड मॅनेजर स्वतः वापरला आणि लोकांनाही सुचवला. 2022 मध्ये तिथून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या कुलूपबंद तिजोरीच्या, बॅकअप प्रती चोरीला गेल्या. जानेवारी 2023 मध्ये गिब्सननी ‘लीव्हिंग लास्टपास’ नावाचा अख्खा भाग केला आणि आपण का सोडतोय ते सांगितलं. मास्टर पासवर्डपासून (तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) किल्ली बनवताना हॅशिंगच्या, म्हणजे तो उलट फिरवता न येणाऱ्या गणितातून घुसळण्याच्या, किती फेऱ्या होतात, जुन्या खात्यांवर त्या कमी का राहिल्या, कमी फेऱ्यांमुळे चोराचं काम किती सोपं होतं, हे सगळं त्या सुमाराच्या भागांत इतकं उलगडून सांगितलंय की क्रिप्टोग्राफीचं पुस्तक न उघडता पीबीकेडीएफ2 (किल्ली बनवण्याची हीच पद्धत) डोक्यात बसतं. आपलीच जुनी शिफारस उघडपणे मागे घेणारा माणूस पुढे काही सुचवतो तेव्हा मी ते लक्ष देऊन ऐकतो.

तक्रारही आहे. भाग बहुतेक वेळा दोन तासांच्या आसपास जातात आणि जाहिराती लांबलचक असतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक भागाचा संपूर्ण मजकूर, जो गिब्सन यांच्या साइटवर मिळतो. आधी तो चाळायचा आणि हवा तेवढाच भाग ऐकायचा.

ॲक्सिडेंटल टेक पॉडकास्ट 2013 पासून चालू आहे. मार्को आर्मेंट, केसी लिस आणि जॉन सिराक्युसा हे तिघे आधी गाड्यांवरचा पॉडकास्ट करत होते, पण गप्पा सारख्या कॉम्प्युटरकडे वळायच्या आणि त्यातून हा जन्मला. इथे भागाची सुरुवातच ‘फॉलो-अप’ने होते. त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे श्रोते लिहून कळवतात आणि गेल्या आठवड्याचा अंदाज तिघे त्यांच्या माहितीवर पुन्हा घासून बघतात. सुरुवातीला मी हा फॉलो-अप वगळून पुढे जायचो. आता कधी कधी तेवढाच ऐकतो. ॲपलची उपकरणं न वापरणाऱ्याला मात्र निम्म्याहून जास्त गप्पा परक्या वाटतील.

माझा सर्वात लाडका आहे ॲडम गॉर्डन बेल यांचा कोरिकर्सिव्ह, सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या गोष्टी सांगणारा. त्यातला एसक्युलाइट या छोट्या डेटाबेसवरचा, म्हणजे तो बनवणाऱ्या रिचर्ड हिप यांच्या मुलाखतीचा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकलाय. हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे हे सांगणारं ते सॉफ्टवेअर. पण डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्याच्याकडे एररशिवाय दाखवायला काहीच नसे. मग सर्व्हर हवाच कशाला, थेट डिस्कवरची फाइल का वाचू नये, या विचारातून 2000 मध्ये एसक्युलाइट आलं. आज ते जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे. पुढे विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीची चाचण्यांची शिस्त त्यांनी स्वतःहून अंगीकारली, तो तपशील तर मला फार भावला. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा भाग ऐकावा असं मनापासून वाटतं. खटकतं एवढंच की नवे भाग फार सावकाश येतात.

डार्कनेट डायरीज 2017 पासून जॅक रायसायडर करतात. हॅकिंगच्या खऱ्या घटना, आणि जमेल तिथे करणाऱ्याच्याच तोंडून. सॅमी कामकार यांचा भाग आधी ऐका. 2005 मध्ये त्यांनी मायस्पेस या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर सोडलेला वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) एका दिवसाच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलांपर्यंत पोचला. साध्या क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगची (दुसऱ्याच्या वेबपानात आपला कोड घुसवण्याची) ताकद त्या तासाभरात जशी कळते तशी कुठल्या ट्यूटोरियलमधून कळत नाही. काही भागांत पार्श्वसंगीत आणि ताण जरा जास्तच आहे.

ॲक्वायर्डबद्दल थोडक्यात: कंपन्यांचा इतिहास, अभ्यास कसून केलेला, पण एकेक भाग तीन-चार तासांचा. टीएसएमसी आणि एनव्हिडिया या चिप कंपन्यांचे ऐकले, आवडले. सगळे ऐकायला सवड नाही.

ॲपबद्दल एक सांगायलाच हवं. मी अँटेनापॉड वापरतो. ते ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला) आहे, जाहिराती नाहीत, खातं काढावं लागत नाही. प्रत्येक पॉडकास्टचा वेग वेगळा ठरवता येतो, हे मला फार उपयोगी पडलं. सिक्युरिटी नाऊ दीडपट वेगाने सहज चालतो. डार्कनेट डायरीज मात्र मूळ वेगानेच ऐका आणि शांत जागा गाळणारी सोय बंद ठेवा, कारण तिथले विराम मुद्दाम ठेवलेले असतात. सबस्क्राइब केलेल्या पॉडकास्टची सगळी यादी ओपीएमएल नावाच्या साध्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या ॲपमध्ये नेता येते. हे शक्य होतं कारण पॉडकास्ट अजून आरएसएसवर, म्हणजे कुठल्याही ॲपला वाचता येणाऱ्या खुल्या फीडवर, चालतात. एकाच ॲपमध्ये कोंडलेले कार्यक्रम म्हणूनच मी यादीत घेतले नाहीत.

सध्या ऑक्साइड अँड फ्रेंड्स ऐकायला घेतलाय. ब्रायन कँट्रिल आणि ॲडम लेव्हेंथल हे दोघे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत डीट्रेस (चालू सिस्टिममध्ये काय बिघडतंय ते शोधणारं साधन) घडवणाऱ्यांपैकी. नवा सर्व्हर पहिल्यांदा चालू करताना काय काय बिघडतं यावरच्या त्यांच्या गप्पा रंगतदार आहेत, पण बोलणारे बरेच असले की कोण बोलतंय तेच समजत नाही. अजून थोडे भाग ऐकून मग ठरवेन.