मानमोडीची किल्ड लस कबुतरांना: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या रविवारी मानमोडीच्या, म्हणजे कबुतरांच्या माना फिरवणाऱ्या आजाराच्या, लशीची चौथी बाटली उघडली. आधीच्या तीन बाटल्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता, तो पाहिला आणि ठरवलं की आता हे सविस्तर लिहायचंच. तीन बाटल्या, प्रत्येकी ५०० डोस, म्हणजे १५०० डोस विकत घेतले. प्रत्यक्षात टोचले ९८. कबुतराला कोंबडीच्या निम्मा, ०.२५ मिली डोस लागतो, म्हणजे ७५० मिलीपैकी साडेचोवीस मिली कामाला आले. एका बाटलीची किंमत माझ्या ढाबळीच्या महिन्याभराच्या ज्वारी-बाजरीएवढी आहे. आकडे लिहितानाही जीव तुटतो.

लस कोणती ते सांगतो. राणीखेतची, म्हणजे मानमोडीच्याच कुळातल्या कोंबड्यांच्या आजाराची, तेलातली, किल्ड, म्हणजे मारलेल्या विषाणूची. कोंबड्यांसाठीच बनते, आमच्या डॉक्टरांनी कबुतरांना द्यायला सांगितली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडच्या दुकानात सगळ्यांचीच मोठी बाटली मिळते.

गेल्या भाद्रपदात माझ्याकडे ६२ पाखरं होती. गिरेबाज जास्त, थोडे लक्के, दोन जोड्या शिराजी. ऑगस्टमध्ये मी सगळ्यांना पाण्यातून लासोटा, म्हणजे राणीखेतचीच जिवंत विषाणूची लस, पाजला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. गणपतीच्या दिवसांत आधी विष्ठा पाण्यासारखी पातळ झाली. दोन दिवसांनी एक नर दाण्यावर चोच मारताना दाण्याच्या बाजूला मारायला लागला. दाणा समोर, आणि चोच दोन बोटं पलीकडे. मग एकेकाच्या माना फिरल्या. काही पाखरं मान उलटी करून आकाशाकडे बघत बसायची, काही उडायला गेली की माळवदावर गिरक्या घेत पडायची. २१ गेली. राहिली ४१, त्यांतल्या पाच जणांच्या माना कायमच्या वाकड्या.

तेव्हा मी भेटेल त्याला सांगत होतो की लासोटा बोगस आहे, पैसे पाण्यात गेले. आज तसं म्हणणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं वापरलं? नळाचं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि लासोटाचा विषाणू जिवंत असतो, त्याला ते क्लोरिन मारतं. म्हणून पाण्यात आधी दूध पावडर कालवायची असते. पाखरांना आधी तास-दोन तास तहानलेलं ठेवायचं असतं आणि पाणी दीड-दोन तासांत संपलं पाहिजे. मी दुपारी अकराला भांडं ठेवलं, ते संध्याकाळपर्यंत उन्हात होतं. लस माझ्या भांड्यातच मेली होती. तरी एक खरं, नीट पाजलेल्या लासोटावरही कबुतरांच्या बाबतीत फार भरवसा ठेवू नये. पाण्यातून कोण किती प्यालं ते कळत नाही आणि संरक्षण फार टिकत नाही. टोचलेली किल्ड लस प्रत्येक पाखराला मोजून मिळते, हा तिचा मोठा फायदा.

कबुतरांची मानमोडी आणि कोंबड्यांची राणीखेत एकाच कुळातली. आजाराला नाव मिळालं कुमाऊँमधल्या राणीखेतचं, १९२७-२८ च्या सुमारास तो तिथे ओळखला गेला म्हणून. आणि आपल्याकडची राणीखेतवरची आर टू बी लस १९४० च्या दशकात त्याच डोंगरांतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली. कबुतरांमध्ये पसरणारा वेगळा प्रकार १९७० च्या दशकाच्या शेवटी मध्यपूर्वेत दिसला, १९८० च्या दशकात शर्यतीच्या कबुतरांबरोबर युरोपभर गेला. १९८४ साली लिव्हरपूलच्या गोदीत साठवलेलं धान्य जंगली कबुतरांच्या विष्ठेनं दूषित झालं, ते खाद्यात गेलं आणि ब्रिटनमधल्या कोंबड्यांमध्ये साथ आली. ‘कबुतरांच्या आजारासाठी कोण लस बनवणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो. कबुतर वाचवणं म्हणजे शेजारच्या कोंबड्या वाचवणंसुद्धा आहे.

आता टोचण्याबद्दल, कारण यात माझी एक चांगली शिराजी मादी गेली. मी मानेत वर, डोक्याच्या जवळ सुई घातली. कबुतराच्या मानेत कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, ते फुटलं. पाच मिनिटांत मादी हातात थंड झाली. बरोबर पद्धत अशी: मानेच्या खालच्या भागात, मागच्या बाजूला, मधोमध कातडी चिमटीत उचलायची. सुई शेपटीच्या दिशेनं, कातडीला समांतर. डोक्याकडे तोंड करून कधीच नाही. पहिल्यांदा देणार असाल तर डॉक्टरांकडून एकदा करून घ्या, अंदाजानं करू नका.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. गोठली की तेल आणि पाणी वेगळं होतं, मग ती बाटली संपली. टोचण्याआधी मात्र थोडा वेळ बाहेर काढून हलवून घ्यायची, नाहीतर तेल इतकं घट्ट असतं की सिरिंजमध्ये चढत नाही. सोलापूरच्या मार्चमधल्या उन्हात दुकानातून घरी आणताना मी थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवतो, म्हणजे बाटली बर्फाला चिकटत नाही. टोचल्यावर दोन दिवस पाखरं मरगळलेली असतात, दाणा कमी खातात. सहा-सात जणांना मानेवर गाठ आली. बहुतेकांची महिन्याभरात विरली, दोघांची अजून हाताला लागते.

पहिला डोस नोव्हेंबरमध्ये ४१ पाखरांना, दुसरा डिसेंबरमध्ये ४० जणांना. फेब्रुवारीपर्यंत सगळी ठणठणीत, तेव्हा मी सगळीकडे लशीचं कौतुक करत होतो. आमच्या उस्तादांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘‘अरे, जी वाचली ती आजारातून उठलेली. त्यांना आजारानंच तयार केलंय. लशीची परीक्षा पिल्लांवर बघ.’’ त्यांचं बरोबर होतं.

ती परीक्षा जूनमध्ये झाली. मार्चमध्ये १७ पिल्लांना टोचलं होतं, सगळी सहा आठवड्यांच्या वरची. नंतर निघालेली सहा पिल्लं बिनलशीची होती, कारण सहा पिल्लांसाठी ५०० डोसची बाटली फोडायला हात धजावला नाही. पहिल्या पावसानंतर पलीकडच्या गल्लीतल्या ढाबळीत माना फिरायला लागल्या आणि आठ दिवसांत आजार माझ्याकडे आला. १७ पैकी एकाचीही मान वाकडी झाली नाही. तिघांची विष्ठा चार दिवस पातळ होती, तेवढंच. बिनलशीच्या सहांपैकी चार पडली, तीन मेली. एका ढाबळीतला अनुभव आहे हे मला कळतं, पण एकाच माळवदावर, एकाच भांड्यातून पाणी पिणारी ही पाखरं होती. लशीबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

म्हणूनच त्या तीन पिल्लांचं जास्त लागतं. लस होती, दुकानात होती, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. बाटली मोठी म्हणून ती मेली. युरोपात कबुतरांसाठीच बनवलेल्या किल्ड लशी ०.२ ते ०.२५ मिली डोसच्या लहान बाटल्यांत मिळतात. इंग्लंडमध्ये शर्यतीला किंवा प्रदर्शनाला जाणाऱ्या कबुतरांना ही लस कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे लहान बाटली भरणं अशक्य नाही. आपल्याकडे कोंबडीच्या शेडचा हिशेब धरून बाटली भरतात. ४०-५० पाखरांच्या ढाबळवाल्याला, आणि दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईलासुद्धा, ५० डोसची बाटली हवी. थोडी महाग द्या, चालेल.

देवीचंही असंच. पावसाळ्यात डास वाढले की पिल्लांच्या चोचीवर, डोळ्यांभोवती फोड येतात. कबुतराच्या देवीचा विषाणू कोंबडीला सौम्य लागतो, म्हणून त्याची लस कोंबड्यांच्या पिल्लांना देण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. उलट कोंबडीच्या देवीची लस कबुतराला नीट राखत नाही. कबुतराचा विषाणू कोंबडीच्या उपयोगी पडला आणि माझ्या पिल्लांना ती लस दुकानात मिळत नाही. दोन पावसाळे मी फक्त मच्छरदाणीवर काढलेत.

काही आजारांत अडचण खरोखर विज्ञानाची आहे, तिथे माझी तक्रार नाही. पिल्लांची प्रतिकारशक्ती पाडणारा सर्कोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवताच येत नाही, त्यामुळे त्याला मारून लस करता येत नाही. पोलंडमधले संशोधक त्याच्या आवरणाचं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेऊन लशीचा प्रयत्न करत आहेत. ऑस्ट्रेलियात २०१६ साली पर्थकडे रोटाव्हायरसनं कबुतरं पटापट मेली, त्यावरही पुढे लशी निघाल्या. राणीखेतची लस मात्र आपल्याकडे कधीचीच तयार आहे, फक्त आमच्या दुकानात ती लहान बाटलीत मिळत नाही.

मान वाकडी झालेल्या पाखरांसाठी एक सांगतो. मारून टाकू नका. दाणा पसरून देऊ नका, खोल वाडग्यात भरून द्या, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाण्यातच पडते. भिजवलेले हरभरे हातानं भरवा. माझ्या पाचांपैकी दोघांच्या माना चार महिन्यांत जवळजवळ सरळ झाल्या.

रविवारी आम्ही पाच ढाबळवाले एकत्र आलो. सकाळी सात ते साडेदहा, डॉक्टर, दोन पोरं पाखरं धरायला, एक चाचा वहीत पाखरांच्या पायातल्या कड्यांचे नंबर लिहायला. दर ढाबळीला नवी सुई, आणि सगळ्यांनी आपापली पाखरं आपापल्या पेटाऱ्यात ठेवायची, एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. २१२ पाखरं झाली, ५३ मिली लागले. खर्च पाच जणांत वाटला तर पहिल्यांदाच परवडला. उरलेले १९७ मिली डॉक्टर जाळायला घेऊन गेले. पुढची बाटली दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी उघडणार आहोत. आसपासचे आणखी ढाबळवाले आले तर तेवढं तरी कमी जळेल.