जामीनदार उभा करावा की कॅश भरावी?

जामीन मंजूर झाला तेव्हा बहिणीने पेढे वाटले. भाचा त्यानंतर बावीस दिवसांनी घरी आला.

ज्यांच्या हातात ऑर्डर पडली आहे पण माणूस अजून ठाण्याच्या कारागृहात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. किल्ल्यातल्या त्या तुरुंगाची क्षमता १,१०५, आत त्याच्या कितीतरी पट माणसं. कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागायचं, असं भाचा सांगतो. तळोज्याच्या तुरुंगात २,१२४ जणांची सोय केली, तरी गर्दी आहेच. त्या गर्दीत जामीन मिळूनही कागदांसाठी अडकलेले असतात, आमच्यासारखे.

जामीनदाराचा फायदा उघड आहे, पैसे अडकत नाहीत. म्हणून आम्ही बहिणीच्या गावाकडच्या दिरांना उभं केलं. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती सगळं होतं. अडलं सॉल्व्हन्सीवर, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यावर. सातबाऱ्यावर नावापुढे ‘राव’, आधारवर नाही. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, मग साहेब रजेवर, मग ‘सोमवारी या’. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात ताशेरे ओढले होते. आमचा जामीनदार कोणी नाकारला नाही, फक्त वीस दिवस त्या ‘राव’मागे पळवलं.

एकविसाव्या दिवशी वकिलांना म्हटलं, तात्पुरत्या कॅशचा अर्ज टाका, म्हणजे जामीनदार मिळेपर्यंत कोर्टात रोख भरून सुटका. पंधरा हजार भरले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा गेटबाहेर. जामीनदारासाठी कोर्टाने चार आठवडे दिले. ‘राव’ तोपर्यंत निवांत मिटला. दिरांच्या रेशनकार्डावर कोर्टाचा शिक्का बसला, तो मात्र जाऊबाईंना अजून खुपतो.

कॅशलाही खोट आहे. जामीनदार वेळेत दिला नाही किंवा तारीख चुकवली तर पंचाईत होते, पैसे परत मिळवायला वेगळा अर्ज लागतो, आणि कॅश घ्यायची की नाही हे शेवटी कोर्टाच्या मर्जीवर. गुन्हा काय आहे त्यावरही बरंच ठरतं, तेव्हा आधी वकिलांना विचारा. पण हातात थोडी रक्कम असेल तर मी पहिल्याच दिवशी कॅशचा अर्ज टाकायला सांगेन.

रक्कमच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, गरिबांना मोफत कायदेशीर मदत तिथे मिळते. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते. २०२३ मध्ये मर्यादा ४०,००० रुपये होती, आजची तिथेच विचारा. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. महिना उलटला तर कोर्ट आपणहून अटी सैल करू शकतं. तरी वाट बघत बसू नका, स्वतः जाऊन विचारा.

आणि कॅशची पावती जपा. आमची देवघरातल्या डब्यात आहे, केस अजून चालू आहे.