नगराध्यक्ष कोणी निवडायचा : मतदारांनी की नगरसेवकांनी?

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर आपल्या नगरपालिका चालतात, पण अध्यक्ष निवडायची पद्धत काही स्थिर राहिली नाही. २०१६ मध्ये थेट निवड, म्हणजे मतदारांनीच अध्यक्ष निवडायची पद्धत, आली, २०२० मध्ये ती गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली.

नगरसेवकांनी निवडायच्या पद्धतीत अध्यक्षाच्या पाठीशी सभागृहाचं बहुमत असतं. अंदाजपत्रक अडत नाही, ठराव पटापट होतात. पण अडीच वर्षांची मुदत, त्यात अविश्वासाची टांगती तलवार. निवडीच्या आधी नगरसेवक सहलीला जातात, मोबाइल बंद, आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून थेट सभागृहाच्या दारात उतरतात. ज्यानं प्रभागात मत दिलं, त्याला आपला अध्यक्ष कोण हे शेवटी कळतं. हे मला कधीच पटलं नाही.

थेट निवडीत मतदार प्रभागातल्या जागांसाठी बटणं दाबतो आणि आणखी एक नगराध्यक्षासाठी. पाच वर्षं गावाला ठाऊक असतं की पाणी चार दिवसांनी आलं तर कुणाला गाठायचं. अडचण वेगळीच : अध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्याचं. मग विषय समित्या विरोधकांकडे जातात, ठराव लटकतात, आणि मुख्याधिकारी, म्हणजे शासनाचा माणूस, दोघांच्या मध्ये सापडतो.

तरी माझं मत थेट निवडीलाच. सभागृहातलं भांडण निदान लोकांसमोर होतं. मात्र दर सरकारनं नियम बदलणं आता थांबायला हवं.