पंगस आणि मागूरच्या पिल्लांसाठी प्रथिने कुठून घ्यावीत? मासळीपूड, पेंडी आणि पूरके यांची तुलना

पंगस किंवा देशी मागूर या माशांचे बीज आणून ते हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात), सिमेंटच्या टाकीत किंवा शेततळ्यात बोटुकलीपर्यंत (बोटाएवढ्या पिल्लापर्यंत) वाढवायचे ठरवले की सर्वाधिक पैसा खाद्यावर जातो, आणि खाद्यात सर्वांत महाग पडतात ती प्रथिने. विक्रेता गोणीवरचा टक्का दाखवतो आणि आपण टक्का व भाव यांची सांगड घालून निवड करतो. मात्र प्रयोगशाळेत तो टक्का मालातला नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणून काढतात, त्यामुळे युरिया मिसळलेली निकृष्ट पूडही कागदावर उत्तम दिसू शकते. प्रथिने ज्यांची बनतात त्यांपैकी कोणती अमिनो आम्ले किती आहेत आणि पिल्लाच्या आतड्यात त्यांतली किती पचतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कोणता स्रोत घ्यावा हे माझ्या मते पिल्लाच्या वजनावरून ठरवावे, कारण जे खाद्य पाच ग्रॅमच्या बोटुकलीला मानवते तेच चार दिवसांच्या पिल्लाला उपाशी मारू शकते.

अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेंडींची तुलना करण्यात अर्थच नाही. पंगसचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत तोंड उघडते आणि समोर हलणारे खाद्य नसेल तर शेजारच्या भावंडालाच धरते. मागूरची पिल्ले तीन-चार दिवस पोटाखालच्या पिवळ्या साठ्यावर काढतात आणि मग त्यांनाही जिवंत खाद्यच लागते. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) महाग असला तरी स्वच्छ असतो. मोइना (गोड्या पाण्यातला तसाच बारीक जीव) स्वतःच्या टाकीत वाढवता येतो, पण त्याची तयारी बीज येण्याच्या आठवडाभर आधी करावी लागते. ट्युबिफेक्स किडे पिल्ले आवडीने खातात, मात्र ते बहुधा गटारातून गोळा केलेले असतात आणि त्यांच्याबरोबर रोगजंतू टाकीत येतात, म्हणून मी ते वापरत नाही. दहा-बारा दिवसांनी जिवंत खाद्य कमी करत बारीक भुकटीवर आणावे, आणि ग्रॅमभर वजन होईपर्यंत ती भुकटी 40 टक्के किंवा अधिक प्रथिनांची, मासळीपूड भरपूर असलेली, तयार विकतची घ्यावी. या टप्प्यावर खाद्य लागतेच किती? दहा हजार पिल्लांमागे काही किलो. इथे वाचवलेले पैसे पुढे मरतुकीत दामदुपटीने जातात.

खरी निवड एक ग्रॅमनंतर सुरू होते. तेव्हा गरज 35 टक्क्यांच्या आसपास येते आणि बोटुकली मोठी होत गेली की 30-32 टक्के पुरतात. मागूरला पंगसपेक्षा थोडे जास्त द्यावे.

मासळीपूड चांगली असेल तर तिच्यात 60 टक्क्यांहून अधिक प्रथिने, भरपूर लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले, सहज शोषला जाणारा स्फुरद आणि माशाच्या अंगी लागणारे तेल, हे सगळे एकत्र मिळते, शिवाय तिच्या वासाने पिल्ले खाद्यावर येतात. अडचण मालाच्या खात्रीची आहे. किनाऱ्यावर वाळूत सुकवून भरडलेल्या मासळीच्या कुटीत वाळू, मीठ आणि खवले इतके असतात की प्रथिने 45-50 टक्क्यांवर उतरतात. म्हणून गोणी घेण्याआधी काचेच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकून ढवळावी आणि दोन मिनिटे थांबावे. तळाशी करकरीत रेतीचा थर बसला तर माल परत करावा. ते पाणी जिभेला लावून खारटपणा पाहावा आणि अमोनियाचा झणका येतो का तेही पाहावे.

सोयापेंड हा आपल्या भागातला सर्वांत भरवशाचा वनस्पतिज स्रोत आहे. तिच्यात 44 ते 48 टक्के प्रथिने असतात आणि त्या प्रथिनांत सुमारे सहा टक्के लायसिन असते. अमेरिकेतील चॅनल कॅटफिश या पंगस-मागूरच्याच गटातल्या माशावर झालेल्या अभ्यासानुसार माशाची गरज प्रथिनांच्या सुमारे पाच टक्के लायसिनची असल्याने सोया ती एकटीने भागवते. मिसिसिपी राज्यात मोठ्या कॅटफिशचे खाद्य मुख्यतः सोयापेंडीवर आणि मक्यावर चालते व त्यात मासळीपूड नाममात्र किंवा अजिबात नसते, पण तिथेही पिल्लांच्या खाद्यातून ती काढलेली नाही. सोयाच्या दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. तिच्यातला बराचसा स्फुरद फायटेट या माशाला न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो, आणि कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. लातूर, वाशीमकडचे शेतकरी घरचे सोयाबीन दळून घालू का, असे नेहमी विचारतात. कच्चे दळून मुळीच घालू नये. नीट भाजलेले चालते, मात्र त्यात 18-20 टक्के तेल असल्याने वरून घालायचे तेल तेवढे कमी करावे लागते.

शेंगदाणा पेंड सोयापेंडीच्या शेजारी ठेवली की टक्क्यात जवळपास तेवढीच दिसते आणि पिल्ले ती आवडीने खातात, त्यामुळे भात कोंड्याबरोबर शेंगदाणा पेंड ही कटला-रोहूच्या तळ्यातली जुनी जोडी अनेकांनी पंगसलाही लावली. पण तिच्या प्रथिनांत लायसिन साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे गरजेपेक्षा बरेच कमी असते, आणि कार्प मासे तळ्यातल्या प्लवंगावर जी तूट भरून काढतात ती प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातल्या दाट पिल्लांना भरून काढता येत नाही. दुसरा धोका बुरशीचा आहे. एका पावसाळ्यात मी स्वस्त मिळाली म्हणून आठ गोण्या पेंड भरून ठेवली. वरून ती ठीक दिसत होती, फोडल्यावर ढेकळाच्या आत हिरवट-राखाडी पट्टा होता, आणि तोपर्यंत त्याच मालाच्या दोन गोण्या पिल्लांनी खाल्ल्या होत्या. आठवडाभरात त्यांचे खाणे निम्म्यावर आले, आणि चिरून पाहिलेल्या चार पिल्लांचे यकृत फिके पडलेले होते. तेव्हापासून शेंगदाणा पेंड मी एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांवर नेत नाही आणि पावसाळ्यात तर आणतच नाही.

सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान माशाला बाधते आणि लायसिनही बांधून ठेवते, म्हणून बोटुकलीपर्यंत ती टाळावी. मक्याच्या ग्लुटेनमध्ये 60 टक्के प्रथिने असली तरी लायसिन फार कमी असते आणि त्यातला पिवळा रंग पुढे मांसात उतरतो, तर पंगसला भाव मांसाच्या पांढरेपणावर मिळतो. रेशीम कोषातले प्यूपे मात्र दुर्लक्षित आहेत. तेल काढलेल्या प्यूप्यांच्या पुडीत चांगल्या मासळीपुडीएवढी किंवा जास्तही प्रथिने असतात आणि मागूर त्यावर तुटून पडतो. तेल न काढलेले प्यूपे मात्र चटकन खवट होतात, म्हणून ते ताजे असतानाच वापरावेत. कोंबडीच्या दुकानातले कच्चे अवशेष कितीही स्वस्त पडोत, ते टाकीत घालू नयेत. ते पाणी सडवतात आणि रोग आणतात. त्यांच्यावर पोसला जाणारा थाई मागूर तर 2000 सालापासून देशात बंदी असलेला मासा आहे. मागूरचे बीज घेताना ते देशीच असल्याची खात्री करून घ्यावी.

भावाची तुलना गोणीवर न करता किलोभर प्रथिनांवर करावी. समजा सोयापेंड 46 टक्के आणि 46 रुपये किलो आहे, तर तिचे एक किलो प्रथिन 100 रुपयांना पडते. मासळीपूड 60 टक्के आणि 90 रुपये असेल तर 150 रुपयांना, आणि 45 टक्क्यांची वाळूमिश्रित कुटी 70 रुपयांना घेतली तर सुमारे 156 रुपयांना. स्वस्त वाटणारी कुटीच सर्वांत महाग निघते. या हिशेबावरून एक ते पाच ग्रॅमच्या पिल्लांसाठी शंभर किलोत मासळीपूड 20, सोयापेंड 45, भात कोंडा 18, गव्हाचे पीठ 12, तेल 3, स्फुरदासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट 1 आणि जीवनसत्त्व-खनिज मिश्रण 1 किलो असे प्रमाण मी धरतो, ज्यात सुमारे 36 टक्के प्रथिने येतात. पाच ग्रॅमनंतर मासळीपूड 8 किलोवर आणून सोया 52, कोंडा 22, पीठ 13, तेल 2 आणि फॉस्फेट 2 किलो केले, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण तेवढेच ठेवले, की 33 टक्क्यांच्या जवळ राहता येते.

पूरकांपैकी मी जीवनसत्त्व क आणि स्फुरद ही दोनच अनिवार्य मानतो. क कमी पडले की बोटुकली तळहातावर घेतल्यावर पाठीत काटकी मोडल्यासारखा बाक दिसतो, आणि तो पुढे सरळ होत नाही. साधे क उष्णतेत आणि साठवणीत उडून जाते, म्हणून फॉस्फेटशी बांधलेले टिकाऊ रूप घ्यावे आणि खाद्य दोन महिन्यांत संपवावे. सोया जितका वाढेल तितका फॉस्फेटचा किंवा फायटेट फोडणाऱ्या फायटेज विकराचा उपयोग वाढतो, पण फायटेज गरम मिश्रणात घातले तर निकामी होते, ते गोळी थंड झाल्यावर तेलातून चोळावे. शेंगदाणा पेंड जास्त वापरणे भागच असेल तर लायसिनची पूड घ्यावी, सोयावर असाल तर ती लागत नाही. उपयुक्त जिवाणूंच्या (प्रोबायोटिक) पुड्यांचा फायदा एका टाकीत दिसतो, दुसऱ्या टाकीत दिसत नाही, त्यामुळे त्यांचा खर्च चांगली मासळीपूड आणि क परवडल्यानंतरच करावा. वाढीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या बाटल्या आणि प्रतिजैविके यांना पिल्लांच्या खाद्यात जागा नाही.

तरीही दोन मिश्रणांत निर्णय होत नसेल तर एकाच तळ्यात शेजारी-शेजारी दोन हापे लावावेत, प्रत्येकात एकाच वजनाची दोनशे पिल्ले मोजून सोडावीत आणि 21 दिवस दोन्हीकडे वजन करून सारखेच खाद्य द्यावे. शेवटी जिवंत पिल्ले मोजावीत, एकत्र वजन करावे, आणि एक किलो वाढीला किती रुपयांचे खाद्य गेले ते काढावे.