पीआरपी इंजेक्शन: पिवळा द्रव दिसतो, त्यात प्लेटलेट किती?

पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या सूक्ष्म पेशी, थोड्या द्रवात गोळा करून दुखऱ्या जागी टोचणे. त्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत सगळे काही खरेच असते. रक्त रुग्णाचे स्वतःचे, सुई नवी, यंत्रही समोर फिरताना दिसते. खोटे असते ते फक्त सिरिंजमधल्या पिवळ्या द्रवाचे नाव. म्हणून नंतर तक्रार करायची म्हटली, तर हातात दाखवण्यासारखे काही उरत नाही.

प्रकार साधारण असा घडतो. गुडघेदुखीने हैराण झालेला माणूस दवाखान्यात जातो. एक्स-रे दाखवून 'गॅप' समजावून सांगितली जाते. (बोलताना आपण गॅप पडली म्हणतो, झिजेत होते उलटेच, दोन हाडांमधली फट अरुंद होते.) तुमच्याच रक्तातून नवी गादी तयार होईल, ऑपरेशन टळेल, तीन इंजेक्शनचे पॅकेज आजच घेतले तर सवलत. मग एक छोटी नळी भरून रक्त, पाच मिनिटे यंत्र, वरचा पिवळा भाग सिरिंजमध्ये ओढून अंदाजाने गुडघ्यात. अर्ध्या तासात माणूस बाहेर. दोन-तीन महिन्यांनी दुखणे तसेच असते आणि उत्तर मिळते, 'प्रत्येकाच्या शरीराचा प्रतिसाद वेगळा, अजून एक घेऊन बघा.'

इथे आधी हिशेब करावा. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर (मिलीलिटरचा हजारावा भाग) रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. अडीच लाख धरले, तर १० मिलीलिटर रक्तात एकूण २५० कोटी होतात. यंत्र प्लेटलेट तयार करत नाही, असलेल्याच एका जागी गोळा करते. पीआरपी म्हणजे मायक्रोलिटरमागे सुमारे १० लाख, किंवा मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट, असा संकेत आहे. त्या दाटीचे ५ मिलीलिटर द्यायचे, तर ५०० कोटी प्लेटलेट लागतात. १० मिलीलिटर रक्तात तेवढ्या नाहीतच. एकही वाया गेली नाही असे मानले, तरी ५ मिलीलिटरमध्ये दाटी फार तर दुप्पट होईल. म्हणून नीट काम करणारे ३० ते ६० मिलीलिटर रक्त काढतात आणि त्यातून साधारण ३ ते ६ मिलीलिटर पीआरपी मिळवतात. एका छोट्या नळीतून मोठी सिरिंज भरली, की काय टोचले गेले हे वेगळे सांगायला नको.

बिघडण्याची पुढची जागा सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त वेगाने फिरवून त्याचे थर वेगळे करणारे यंत्र. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत पहिली फेरी हलकी असते: तांबड्या पेशी तळाला जातात, प्लेटलेट वरच्या द्रवात राहतात. तो द्रव वेगळा काढून दुसऱ्या, जोरकस फेरीत प्लेटलेट तळाला बसवतात. मग वरचा बराचसा द्रव काढून टाकायचा आणि तळाचा थर उरलेल्या थोड्या द्रवात हलक्या हाताने मिसळायचा. काढून टाकलेला भाग असतो स्वच्छ, सोनेरी, दिसायला देखणा, आणि प्लेटलेटच्या बाबतीत जवळजवळ रिकामा. फसवणुकीत नेमका हाच टोचला जातो. पहिलीच फेरी फार जोरात झाली तरी तेच घडते. प्लेटलेट पांढऱ्या पेशींच्या पातळ थरात आणि त्याखाली अडकतात. 'तीन हजार आरपीएमवर (मिनिटाला तीन हजार फेऱ्या) फिरवले' या उत्तराने काही कळत नाही. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात त्या वेगाला गुरुत्वाच्या सुमारे १००० पट जोर पडतो, १५ सेंटिमीटरच्या यंत्रात १५०० पट. जोर 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट, असा सांगता आला पाहिजे.

नळीकडेही बघावे. रक्त साकळू नये म्हणून पीआरपीच्या नळीत सायट्रेटवर आधारित द्रव असतो. रक्ततपासणीची पिवळ्या झाकणाची जेल नळी बहुधा उलटी, रक्त साकळवणारी असते. तिच्यात प्लेटलेट गुठळीत खर्ची पडतात आणि वर उरतो तो सीरम, म्हणजे प्लेटलेट नसलेला द्रव. जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन प्लेटलेटचा आकार बिघडवते. शिवाय तपासणीच्या नळ्या शरीरात परत टोचण्यासाठी बनवलेल्याच नसतात. स्वस्तात काम उरकणाऱ्यांना त्या हाताशी असतात, एवढेच.

इंजेक्शन घेतले आणि त्याच संध्याकाळी दुखणे पळाले, याचा आनंद मानू नये. खऱ्या पीआरपीने, विशेषतः पांढऱ्या पेशी जास्त असलेल्याने, दोन-तीन दिवस उलट ठणका वाढतो. पटकन मिळालेला आराम बहुधा भूल देणाऱ्या औषधाचा किंवा गुपचूप मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो. भुलीचे औषध प्लेटलेटच्या कामातही अडथळा आणते. सांध्यात देतात ती अनेक स्टेरॉइडे दुधाळ असतात. सिरिंजमधला द्रव पांढुरका दिसला तर तिथेच विचारावे. मधुमेह असलेल्याची साखर पुढच्या दिवसांत विनाकारण चढली, तर शंका आणखी पक्की होते. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे, पण न सांगता दिले की वारंवार दिले जाते. गुडघ्याच्या झिजेवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर १२ आठवड्यांनी दोन वर्षे ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलेल्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गादी) सलाइन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली.

आधी काही विचारलेच जात नाही, हीसुद्धा खूणच. अनेक वेदनाशामक गोळ्या प्लेटलेटचे काम मंदावतात, म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. प्लेटलेट मुळातच कमी, अंगात संसर्ग, रक्ताचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर हा उपचार देत नाहीत. रक्ताची साधी तपासणी न करता सुई हातात घेणाऱ्याला यातले काय कळणार?

आता पीआरपी अगदी चोख असले तरी काय मिळते? ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेच्या २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन दिले. वर्षानंतर दुखणे, शून्य ते दहाच्या मापावर, पीआरपीने सरासरी २.१ अंकांनी उतरले, सलाइनने १.८ अंकांनी. कूर्चेत फरक नाही. 'आमच्या शेजाऱ्यांना गुण आला' ही साक्ष किती वजनाची, ते त्या १.८ वरून कळते. या चाचणीतली प्लेटलेटची दाटी कमी होती, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. गंमत अशी, की एका छोट्या नळीवर भागवणारेही हाच आक्षेप पुढे करतात. त्याच वर्षी टाचेच्या अकिलीस टेंडनवर (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर) २४० जणांच्या चाचणीत पीआरपी आणि नुसती टोचणी यांत फरक निघाला नाही. टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, २०१० साली १०० रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले होते. पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात प्लासिबोच्या (औषध नसलेल्या इंजेक्शनच्या) तुलनेत फायदा दिसला नाही. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असे ठामपणे म्हटले आहे, आणि एक मोठे कारण दिले आहे तयार करण्याच्या पद्धतीतल्या गोंधळाचे. घासलेली गादी पुन्हा उगवते, असे यातले कुणीच म्हणत नाही. 'यात स्टेम सेल आहेत' असे कुणी म्हणाले, तर बोलणे तिथेच थांबवावे. रक्तातून केलेल्या पीआरपीत त्या नगण्य असतात.

तरीही घ्यायचेच ठरवले, तर पैसे देण्याआधी या गोष्टी लेखी मागाव्यात: किती रक्त काढणार, किटचे नाव, किती 'जी'वर किती मिनिटे, पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार, सोबत दुसरे कोणते औषध. टेंडनमध्ये सुई सोनोग्राफीवर बघूनच जायला हवी. सगळ्यात नेमका पुरावा म्हणजे प्लेटलेटचे दोन काउंट, एक मूळ रक्ताचा आणि एक तयार पीआरपीचा. दुसऱ्यासाठी काही थेंब पुरतात. 'तेवढे वाया जाईल' हे उत्तर ऐकले, की आकडा दाखवण्याजोगा नाही असे समजावे. तीनचे पॅकेज घेऊ नये. एकेक इंजेक्शन, आधी आणि नंतर दुखण्याचा आकडा आणि तारीख वहीत.

नळीवर आपले नाव आपल्यासमोर लिहून घ्यावे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत चेहऱ्यावर पीआरपी करणारा एक विनापरवाना स्पा २०१८ साली बंद करण्यात आला. तिथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या आणि काही ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासात निघाले. नळी नजरेआड गेली आणि नाव नसताना परत आली, तर ती टोचून घेऊ नये. पुन्हा रक्त द्यावे.