लातूरमधील दूध-तुपाविना डबा : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी दूध, दही, तूप, लोणी आणि मध सोडले, आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी ज्या घरगुती डब्यावर जेवायला लागले, त्याच डब्याविषयी हे लिहीत आहे. अंबाजोगाई रोडच्या बाजूला एका राहत्या घरात दोन जावा मिळून तो चालवतात. चाळीसपेक्षा अधिक डबे आपल्या हातून नीट होणार नाहीत, म्हणून नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे, आणि ती मी पाळत आहे. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशा सेवेकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या गोष्टीची स्वतः खात्री करून घ्यावी, हे मला सुरुवातीला सांगणारे कोणी नव्हते.

माझे माहेर औसा तालुक्यातले. घरी देवणी गाई होत्या आणि त्यांच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा म्हणजे दोन-तीन वर्षांनी औताला जुंपायचा बैल, असा सरळ हिशेब होता. आता शेताची नांगरट, पेरणी आणि मळणी ट्रॅक्टरवर होते, त्यामुळे गोऱ्हा जन्मला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. गेल्या पोळ्याला गावात मिरवणुकीसाठी बैलांच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. आमच्या गोठ्यातला चार महिन्यांचा गोऱ्हा त्याच्या आदल्या बाजारी विकला गेला होता, आणि त्याची आई दावणीला रात्रभर हंबरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्या हातून खाली ठेवला गेला, तो पुन्हा उचलावासा वाटला नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. माझ्या निर्णयामागे काय होते, तेवढे सांगितले.

निर्णय एका सकाळी झाला, पण रोज काय खायचे हे कळायला फार वेळ लागला. पहिले तीन आठवडे मी जवळजवळ चपाती, बटाटा आणि फोडणीच्या भातावर काढले. शाळेतून परतल्यावर उभे राहवत नसे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घेतलेल्या बिस्किटांत आणि ब्रेडमध्ये दूध पावडर निघे, कारण हिरव्या ठिपक्याचा अर्थ केवळ शाकाहारी एवढाच असतो आणि त्यात दूध चालते. पूर्णपणे वनस्पतीजन्य, म्हणजे व्हीगन, अन्नासाठी आपल्या देशात 2022 पासून स्वतंत्र नियम आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे वेगळे हिरवे चिन्ह आहे, परंतु आमच्या भागातल्या दुकानांत ते चिन्ह असलेला माल मला क्वचितच दिसला. एका मोठ्या दुकानात बदामाचे तयार दूध मिळाले, त्याची किंमत लिटरला तीनशे रुपयांच्या घरात होती. शिक्षिकेच्या पगारात हे रोजचे होणे शक्य नव्हते, आणि त्याची चवही आपल्या चहाला साजणारी नव्हती.

शिकवणीला आलेल्या हजारो मुलांमुळे लातुरात मेस आणि डबे यांना तोटा नाही. या डब्याची माहिती मला शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेकडून मिळाली. पैसे घेण्यापूर्वी थोरल्या काकूंनी मला घरी बोलावले, समोर बसवले आणि विचारले, “तुमच्या आईच्या हातचं तुम्हाला काय आवडायचं, ते सांगा. त्यातलं दूधदुभतं कशात होतं, ते आपण मग बघू.” मी सांगत गेले आणि त्या वहीत लिहीत गेल्या. हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, वरणफळे, धपाटे, सुशीला, कारळ्याची चटणी. यादी पूर्ण झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. बहुतेक पदार्थांत दूध मुळातच नव्हते. धपाट्यांसोबतचे दही आणि वरणफळांवरची तुपाची धार, एवढेच काय ते वजा करायचे होते. तीन आठवडे मी ज्याच्या शोधात होते ते माझ्याच ताटात होते, हे त्या अर्ध्या तासात मला कळले, आणि या सेवेचे खरे मोल माझ्या मते तिथेच आहे.

जेवणाविषयी सांगायचे तर भाकरी ज्वारीची, रोज ताजी आणि पातळ. फोडणी बहुधा घाण्याच्या करडईच्या तेलाची असते आणि त्याचा वास डबा उघडताच येतो. ज्यांच्या घरी आता केवळ रिफाइंड तेल येते, त्यांना हा वास लहानपणीच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडील. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवतात आणि वरून लसणाचे खमंग तेल देतात. मी लातुरात खाल्लेल्या अंबाडीत ही सर्वांत चांगली. येसराच्या आमटीत डाळींचा भाजका दाटपणा नेमका उतरतो. थंडीत आठवड्यातून एकदा हुलग्याचे माडगे येई आणि त्या दिवशी मी दुपारचा चहा आठवणीनेही मागत नसे. जवसाची चटणी मात्र रोज असते, आणि ती केवळ चवीसाठी नाही: मासे न खाणाऱ्याला ओमेगा-3 मिळण्याचा जवस हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पालेभाजीसोबत लिंबाची फोड ठेवतात, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतल्यास उलट होते, हेही काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावले. दुधाविना कॅल्शियमची उणीव राहू नये म्हणून आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

डब्यासोबत सोयाबीनचे दूध हवे असल्यास अर्धा लिटरची बाटली वीस रुपयांना मिळते. ज्या जिल्ह्याच्या बाजार समितीत सोयाबीनची एवढी मोठी उलाढाल होते, त्याच जिल्ह्यातल्या घरांत ते शिजत नाही, याचे मला आता फार वाईट वाटते. आपल्या शेतातून ते तेलाच्या कारखान्यात जाते आणि उरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे 40 टक्के प्रथिने असतात, आणि शंभर ग्रॅम दाण्यांपासून जवळपास एक लिटर दूध निघते. 2024-25 च्या हंगामातला हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, म्हणजे त्या भावाने लिटरभर दुधासाठी लागणारे दाणे पाच रुपयांचेही होत नव्हते. बाकी खर्च श्रमाचा आणि इंधनाचा. धाकट्या जाऊबाईंनी मला ते घरी करायलाही शिकवले, स्वतःचे गिऱ्हाईक कमी होईल याचा विचार न करता. दाणे रात्रभर भिजवायचे, साले काढायची, उकळत्या पाण्यातच वाटायचे आणि गाळल्यावर पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळायचे. थंड पाण्यात वाटले तर तो कच्चा, शेंगाळ वास येतो ज्यामुळे लोक सोयाबीनच्या दुधाला नावे ठेवतात. नीट न उकळता तर ते पिऊच नये, कारण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. उरलेल्या चोथ्याची थालीपिठे होतात.

चहात हे दूध फाटते, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे आणि सुरुवातीला माझेही फाटत होते. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय असा की गूळ टाळावा, चहा गाळून मिनिटभर थांबावे आणि मग कोमट केलेले दूध कपात आधी घेऊन त्यावर चहा ओतावा. चव गाईच्या दुधाच्या चहासारखी होत नाही, आणि तशी होईल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मला तिची सवय व्हायला दीड महिना लागला.

शेंगदाण्याच्या दह्याविषयी माझे मत संमिश्र आहे. शेंगदाण्याचे दूध उकळून, कोमट करून पहिल्या वेळी हिरव्या मिरचीचे देठ घालून ते विरजतात आणि पुढे त्याच दह्याचे विरजण चालते. हिवाळ्यात ते सौम्य आणि चांगले लागते. मार्चनंतर मात्र दुपारपर्यंत इतके आंबते की भातासोबत खाववत नाही, आणि त्याला दाटपणाही कमीच असतो. कढीला आणि आंबिलीला ते उत्तम.

आंबिलीवरून वेळ अमावस्येची गोष्ट सांगितली पाहिजे. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना सांगायला नको की त्या दिवशी शहर ओस पडते आणि सगळे शेतात असतात, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते, आणि भज्जी, उंडे, आंबील यांच्याशिवाय ते जेवण जेवणच नव्हे. भज्जीचा प्रश्न नव्हता, तिच्यात शेतातल्या शेंगा, दाणे, भाज्या आणि बेसन एवढेच असते. पण आंबील ताकातली. मी सून आहे, आणि सणाच्या दिवशी सासरच्या माणसांसमोर आंबिलीचा पेला नाकारणे मला जड वाटत होते. हे ऐकून काकूंनी आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या ताकाचे एक छोटे मडके मला भरून दिले, पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी काही न बोलता त्यात वेगळी आंबील कालवली, सर्वांचे वाढून झाल्यावर माझ्या मडक्यातली वाटीभर स्वतःसाठी घेतली आणि म्हणाल्या, “लसूण बरा पडलाय गं हिच्यात.” पोळ्यापासून माझ्या खाण्याविषयी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्या दिवसानंतर त्या माझी भाजी तुपाची फोडणी देण्याआधी बाजूला काढून ठेवू लागल्या.

आता त्रुटींविषयी. सोयाबीनचे पनीर, म्हणजे टोफू, आठवड्यातून एकदा येते आणि त्याचा भरवसा नाही. कधी मऊ आणि छान, कधी लिंबू जास्त झाल्याने आंबट व भुरभुरीत. नोव्हेंबरात एकदा वरणाला तुपाची फोडणी पडली होती, कारण घरच्या माणसांचा स्वयंपाक त्याच ओट्यावर होतो. त्यांनी स्वतः फोन करून कळवले आणि माफी मागितली, परंतु मी तोवर जेवले होते. त्यानंतर त्यांनी तुपाचा डबा दुसऱ्या खोलीत हलवला. लग्नसराईत तीन दिवस डबा आला नाही आणि त्याची सूचना सकाळी मिळाली, हे नोकरी करणाऱ्या माणसासाठी फार गैरसोयीचे आहे.

सर्वांत गंभीर त्रुटी बी12 जीवनसत्त्वाविषयीची होती. सुरुवातीला काकूंनी मला सांगितले होते की आंबवलेल्या आंबिलीतून आणि शेंगदाण्याच्या दह्यातून ते मिळते. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वनस्पतीजन्य आहारातून बी12 भरवशाने मिळत नाही, ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या अन्नातूनच घ्यावे लागते. तिसऱ्या महिन्यात माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, रक्त तपासले तेव्हा पातळी बरीच कमी निघाली. या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा वर्षानुवर्षे पुरू शकतो, त्यामुळे तीन महिन्यांत ही वेळ आली याचा अर्थ उणीव दूध सोडण्याच्या आधीपासूनच असणार, असे डॉक्टरांनी समजावले; शाकाहारी माणसांत ती एरवीही पुष्कळ आढळते. गोळ्या स्वस्त आहेत आणि दोन महिन्यांत मुंग्या थांबल्या. मी तपासणीचा कागद काकूंना दाखवला. त्यांनी तो नीट वाचून घेतला, आणि आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी रक्त तपासायला सांगतात व डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केल्याशिवाय डबा लावत नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर डबेकरी जमतात, याला वेगळे शुल्क नाही. दहा-पंधरा जण असतात. प्रत्येकाचे कारण निराळे: कोणाला दूध पचत नाही, कोणी प्राण्यांसाठी सोडले, एका सेवानिवृत्त गृहस्थांना डॉक्टरांनी तूप-लोणी बंद करायला सांगितले आहे. बोलणे व्यवहाराचे असते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कसा करावा, प्रवासात एसटी स्थानकावर काय मिळते, बाळंतपणाला माहेरी गेल्यावर डिंकाचे लाडू कशात वळावेत. पंचामृताच्या तीर्थाविषयी एकदा बराच वेळ चर्चा झाली. मी ते थेंबभर तीर्थ नाकारत नाही, तिथले दोघे-तिघे नाकारतात, आणि कोणीही कोणाला कमी-जास्त लेखले नाही. माझ्यासारखी जी माणसे घरात एकटीच असा बदल करतात, त्यांना या दोन तासांचा आधार किती मोठा असतो, हे मी अनुभवाने सांगते. एका नवविवाहित मुलीने पहिल्या भेटीत सांगितले की आठवडाभरात पहिल्यांदाच तिला कोणी ‘मग तू खातेस तरी काय?’ असे विचारले नाही.

दोन वेळच्या डब्याचे महिन्याला 3,200 रुपये होतात, एका वेळचे 1,700. शहरातल्या साध्या डब्याहून हे थोडे अधिक आहे, पण घाण्याचे तेल आणि रोजची चटणी पाहता मला ते योग्य वाटते. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या तरुणांना प्रथिने कमी पडतील, त्यांनी सोयाबीनचे दूध व मोड आलेली कडधान्ये वेगळी घ्यावीत. ज्यांना हॉटेलसारखी दाट, मलईदार रस्साभाजी हवी आहे, त्यांची इथे निराशा होईल.

मी स्वतः या महिन्यापासून एकाच वेळचा डबा ठेवला आहे. सकाळचे आता घरी होते, सोयाबीन आदल्या रात्री सासूबाई भिजवतात.