एएसएन-३ मीडियम: किनाऱ्यावरच्या सायनोबॅक्टेरियासाठी कितपत कामाचं?

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले तंतुमय सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ) वाढवायचे असतील तर एएसएन-३ हे मीडियम, म्हणजे क्षारांचं वाढद्रावण, घ्या. पण नवी जात शोधायला निघाला असाल तर त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिप्का आणि सहकाऱ्यांची ही १९७९ची कृती. लिटरला मीठ २५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३.५, मॅग्नेशियम क्लोराइड २, सोडियम नायट्रेट ०.७५, पोटॅशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड प्रत्येकी ०.५, फॉस्फेट जेमतेम ०.०२ ग्रॅम, शिवाय लोह, सूक्ष्म धातू आणि १० मायक्रोग्रॅम बी-१२ जीवनसत्त्व. पीएच ७.५. समुद्राचं पाणी लागत नाही, त्यामुळे नागपूरच्या लॅबमध्येही बिनघोर बनतं.

तयार पावडरीपेक्षा घटक सुटे घेतलेले बरे. पावडरीत सगळं एकत्र असतं, आणि ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) बाटली दुधाळ होऊन बाहेर येते. तापताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम फॉस्फेटला घेऊन तळाशी बसतात. मुळात चिमूटभर असलेलं फॉस्फेट असं गेल्यावर कल्चर रोडावणारच. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर घालावं, बी-१२ ०.२२ मायक्रॉनमधून गाळून सगळ्यात शेवटी. प्लेटसाठी घट्ट करणारा आगरही वेगळा: आगर आणि मीडियम दोन्ही दुप्पट तीव्रतेचे करून ५० अंशांच्या आसपास एकत्र ओतायचे.

डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) माजू नयेत म्हणून लिटरला ५ मिलिग्रॅम जर्मेनियम डायऑक्साइड पुरतं. तापमान २५ ते २८ अंश, उजेड मंद. प्लेट काळ्या कागदात गुंडाळून एका बाजूला फट ठेवली की सरकणारे तंतू उजेडाकडे निघतात. पुढे गेलेलं टोक आगरच्या तुकड्यासकट कापून नव्या प्लेटवर ठेवायचं. स्ट्रीक करत (प्लेटवर रेघोट्या ओढून जीव सुटे करत) बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

खरी खोट इथे आहे. जाड तंतूच्या आवरणात लेप्टोलिंगबिया या सायनोबॅक्टेरियासारखे एक-दोन मायक्रॉनचे बारीक तंतू दडलेले असतात. भरपूर नायट्रेट मिळालं की तेच माजतात. तीन आठवड्यांनी नळी छान हिरवीगार दिसते, पण आत असतो तो पाहुणा. यजमान केव्हाच मेलेला. मग १६एस (ओळखीसाठी वाचतात तो जनुक) पाहुण्याचा आणि फोटो यजमानाचा, अशी भेसळ होते. दिसण्यावर भिस्त ठेवली की काय होतं ते मूरेना या सायनोबॅक्टेरियाने दाखवलंच आहे. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाच्या ज्या जाड तंतूंमधून कुरासिन-ए हे रसायन मिळालं, ते कितीतरी वर्षं ‘लिंगबिया मॅजुस्क्युला’ म्हणून खपले. २०१२मध्ये मूरिया ही वेगळी प्रजाती झाली, आणि ते नाव नामकरणाच्या नियमात न बसल्याने २०१९मध्ये मूरेना.

म्हणून नमुना आला की मीडियमच्या आधी त्याची वाटणी करा. एक भाग सिलिका जेलमध्ये सुकवायचा, डीएनएसाठी आणि हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी). वनस्पती-नामकरणाच्या संहितेत जिवंत कल्चर होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना) म्हणून चालत नाही. दुसरा फॉर्मॅलिनमध्ये, फक्त मोजमापासाठी, कारण त्यातून पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणं) धड होत नाही. तिसरा एएसएन-३मध्ये. पीसीआरमध्ये सीवायए-१०६एफ आणि ७८१आर या प्रायमरनी (तुकड्याची दोन टोकं ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या साखळ्यांनी) १६एसचा तुकडा साधारण पावणेसातशे बेसचा येतो. ओळख पटवायला तो ठीक, पण नव्या प्रजातीच्या दाव्यासाठी जवळपास पूर्ण १६एस आणि त्याला लागून पुढचा आयटीएस हा डीएनएचा भाग हवाच.

कोकण-गोव्याच्या समुद्रावर उन्हाळ्यात भुशासारखा तवंग येतो तो ट्रायकोडेस्मियम या सायनोबॅक्टेरियाचा. तो यात घालू नका. त्याला वायबीसी-२ हे वेगळं मीडियम लागतं.